सलग तीन जिंकले तर

७ एप्रिल, रविवार. सकाळी दहा.

नाही. आज नाही जाणार मी. तू दहादा विचारलंस तरी उत्तर तेच, क्लेम, आणि डब्यातून तसा बघू नकोस माझ्याकडे.

का म्हणजे? पंधरा दिवसांपूर्वी आपले हॅगथॉर्पवाले यादीत सगळ्यात खाली असलेल्या टीमकडून सेहेचाळीस पॉइंटांनी मार खाऊन आले. मागच्या रविवारी त्याच गड्यांनी पहिल्या नंबरवाल्यांना त्यांच्याच मैदानात जाऊन लोळवलं. आज काय करतील ते देवाला माहीत नाही आणि कोचला तर नाहीच नाही. असल्यांसाठी एकाहत्तराव्या वर्षी मैदानाच्या उघड्या पायऱ्यांवर दीड तास उभं राहायचं म्हणजे येडेपणा. रग्बी मला तशीही आवडत नाही. चाळीस वर्षं गेले ती नवऱ्याच्या सोबतीला.

ठरलं. आज खिडक्या पुसणार.

तोच दिवस. संध्याकाळी सात.

गेले. पिशवी उचलली तर डबा आत होताच. तो काढून परत शेकोटीवरच्या फळीवर ठेवायचा म्हणजे पाच मिनिटं मोडली असती.

हरलो. १२–३०. पाई खाल्ली, वाटाणे खाल्ले. वाटाणे थंड होते. खिडक्या राहिल्या.

८ एप्रिल, सोमवार.

पोस्टमन आला. आमचा पोस्टमन म्हणजे आमच्या टीमचा विंगर, जॉर्डी प्लॅट. आठवडाभर पत्रं टाकतो, रविवारी डाव्या कडेने पळतो. या खालच्या लीगमध्ये खेळून कुणाचं पोट भरत नाही. काल त्याने दोन सोपे बॉल सोडले. आज दारात उभा राहून विजेचं बिल माझ्या हातात दिलं. मी म्हणलं, अरे वा, हे बरं घट्ट धरलंस. लाल झाला. म्हणाला, नेल आन्टी, बॉल ओला होता. मी म्हणलं, पाकीटही ओलंच आहे, मेल्या.

त्याला चिडवायचं एक वाक्य मागच्या वर्षी मीच काढलं. त्याच्या दिशेने उंच बॉल आला की पायऱ्यांवरून ओरडायचं, जॉर्डी, पत्र आलंय. आता सगळ्या पायऱ्या ओरडतात. आज तो टोपी काढून म्हणाला की आन्टी, बाकी काय वाटेल ते बोला, पण बॉल हवेत असताना तेवढं नको, लक्ष जातं. मी शब्द दिला.

संकल्प एक: ओरडायचं नाही.

जाताना त्याने उघड्या दारातून डब्याला सलाम ठोकला आणि विचारलं, अजून तीनच ना? मी म्हणलं, तीनच. पण सलग.

हे एकदा नीट लिहून ठेवते. क्लेमने सव्वीस वर्षं मैदानाच्या खालच्या टोकाचा स्कोअरबोर्ड सांभाळला. पत्र्याच्या पाट्यांवर आकडे रंगवायचे आणि शिडीवर चढून हाताने टांगायचे. त्यातला आठ त्यानेच रंगवलेला, एका बाजूला कललेला, जरा प्यायल्यासारखा. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात त्याने मला सांगितलं की टीम सलग तीन मॅच जिंकली की माझी राख त्या बोर्डासमोरच्या गोलपोस्टांखाली टाक. खोलीत आम्ही दोघंच होतो. अंत्यविधीनंतर क्लबच्या बारमध्ये सँडविचेस चालू होती तेव्हा मी सगळ्यांना हे सांगितलं. लोक हसले, मग रडले, मग कुणीतरी म्हणालं की म्हणजे क्लेम आपल्या सगळ्यांना पुरून उरणार.

त्याला दीड वर्ष झालं. जिंकायचं, हरायचं. जिंकायचं, हरायचं. लागोपाठ दोन, तेही दोनदाच. तीन कधीच नाही. राख मिळाली ती तणनाशकाच्या बाटलीसारख्या हिरव्या बरणीत. मी ती टॉफीच्या लाल डब्यात भरली. क्लबचा रंग लाल आहे.

त्या तीनची माझ्याइतकी वाट गावात कुणी बघत नसेल.

११ एप्रिल, गुरुवार.

ऑड्री जेवायला आली. ऑड्री म्हणजे क्लेमची मोठी बहीण, माझी नणंद. ब्याऐंशी वर्षं, नवा खुबा, जुनी जीभ. दर गुरुवारी मासे आणि चिप्स आमच्याकडे. माशाचं वरचं तळलेलं कव्हर ती खाते, मासा मला देते, आणि वर उपकार केल्यासारखं बघते.

आज बातमी. तिची मुलगी तिला कायमची कॅनडाला नेणार. पाच सप्टेंबरचं विमान. म्हणाली, परत येणं काही होणार नाही गं नेल. आमच्या क्लेमला एकदा जमिनीत नीट निजलेला बघायचाय आणि मग जायचं.

मी म्हणलं, सप्टेंबरपर्यंत काय, जूनमध्येच होऊन जाईल.

मग ती म्हणाली की तीन कशाला, एखादी मॅच जिंकली की टाकू, तो काय उठून मोजणार आहे? मी काटा खाली ठेवला. मेलेल्या माणसाचा शब्द आहे, म्हणलं. तिने चिप्सवर मीठ टाकलं. मग म्हणाली, बरोबर आहे तुझं, लहानपणापासून असाच हट्टी, आईचंही ऐकायचा नाही.

भावाची बाजू तिला पटली याचा मला आनंदच झाला. जेवण मात्र पचलं नाही. तेल जुनं असणार.

२८ एप्रिल, रविवार.

जिंकलो. २८–१०. काय खेळले. कोच देवमाणूस आहे.

५ मे, रविवार.

दुसऱ्यांच्या मैदानावर जिंकलो. बसमध्ये सगळे गात होते. माझ्या पिशवीकडे बघत होते. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं की क्लेमला सांगा, अंथरूण घालायला घेतलंय. हसले मी. हसायलाच पाहिजे.

दोन झाले.

८ मे, बुधवार. पहाटे.

पोटात गोळा. मंगळवारचे वाटाणे.

डबा पुसला. आतलं सामान उंदरांपासून सांभाळायला पाहिजे म्हणून झाकणाला चिकटपट्टी लावली. चार वेळा गुंडाळली. घाईत उघडणार नाही बहुतेक. तेव्हाचं तेव्हा बघू.

१२ मे, रविवार. रात्री.

हरलो. ६–४८. आपल्याच मैदानावर, मिकलरिगसारख्या टीमकडून, जी तीन महिन्यांत एकदाही जिंकली नव्हती. लोक हाफटाइमलाच निघून गेले. ऑड्री रडवेली झाली. मी कोचला, कॅप्टनला, रेफरीला आणि पाईवाल्या बाईलाही बोलून घेतलं. माझं दुःख मला माहीत.

घरी येऊन अकरा तास झोपले. समुद्रावरून वारं आलं असणार.

संकल्प दोन: आता पुन्हा जाणार नाही. खिडक्या पुसायच्या.

१३ मे, सोमवार.

जॉर्डीने पत्रं दार न वाजवता फटीतूनच सरकवली. मी दार उघडून म्हणलं, तोंड लपवायचंय तर बुरखा घाल. तो म्हणाला, सॉरी आन्टी, सगळ्यात जास्त तुमच्यासाठी वाईट वाटतं. मी त्याला केक दिला. मोठा तुकडा. स्वतःही घेतला.

१६ जून, रविवार.

खिडक्या पुसायला बादली काढली होती. मग गेले.

जिंकलो. पुढच्या रविवारी हरणार, हे पायऱ्यांवरचं कुत्रंही सांगेल. आमच्या बाजूला एक म्हातारा त्याचं कुत्रं घेऊन येतो. जिंकलो की ते झोपतं.

१९ जून, बुधवार.

सेथ भेटला. सेथ म्हणजे मैदानाचा माळी. क्लेम गेल्यापासून बोर्डही तोच बघतो, आणि आकडे दहा मिनिटं उशिरा लावतो. मी त्याला म्हणलं, तुझ्या बोर्डावर बघून रविवारची मॅच बुधवारी कळते. त्याने ते ऐकलंच नाही. त्याला राखेबद्दल बोलायचं होतं.

म्हणाला, वरच्या टोकाला आधीच दोन माणसं टाकलीत, दोन्ही ठिकाणी गवत जळालंय, टक्कल पडलंय. राखेने मुळं मरतात. सगळा डबा ओतायचा नाही. चहाचा एक कप, त्यात वाळू मिसळायची, गवताचा चौकोन मी कापून उचलतो, खाली टाकायचं, वर गवत परत बसवायचं. बाकी राहील ते घरी न्या.

मी म्हणलं, एक कपच का? त्याला वाटलं मी भांडतेय. म्हणाला, बाई, दीड कप, त्याच्यावर नाही.

म्हणजे बाकीचा क्लेम घरीच राहणार. हे ऐकून खरं तर माझा प्रश्नच मिटायला हवा होता. मिटला नाही. कप कुठला घ्यायचा, हा नवा सुरू झाला. त्याचा मोठा निळा मग आहे. त्यात दीड कप मावेल. पण त्यानंतर तो मग मी परत वापरायचा कसा?

२३ जून, रविवार.

हरलो. कुत्र्याने सांगितलं होतं.

१८ जुलै, गुरुवार.

गेल्या तीन रविवारांचा हिशोब: हरलो, जिंकलो, हरलो. ऑड्री तिच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर घेऊन आली. त्यावर तिने लाल पेनाने जिंकलेल्या दिवसांना गोल काढलेत. गोल आहेत, पण शेजारी शेजारी नाहीत. ती म्हणाली, आमच्या क्लेमचे दात असेच होते.

खूप हसलो. मग ती हसता हसता थांबली आणि म्हणाली, तो जाताना मी नव्हते गं. खुब्याचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात. काय म्हणाला तो अजून, तीनशिवाय? काहीतरी म्हणाला असेल.

मी म्हणलं, तुझी आठवण काढली. ते खरं आहे. काढली होती. मग मी उठून भांडी घासली. घासलेलीच होती, परत घासली.

संकल्प तीन: ऑड्रीशी जास्त गोड वागायचं. माशाचं कव्हर तिला न मागता द्यायचं.

१८ ऑगस्ट, रविवार.

बाहेरच्या मैदानात जिंकलो. जॉर्डीच्या दोन ट्राय, दोनदा बॉल रेषेपलीकडे टेकवला.

२५ ऑगस्ट, रविवार.

जिंकलो. पहिल्या नंबरवाल्यांना हरवलं. कोच पुन्हा देवमाणूस झालाय.

दोन झाले. येत्या रविवारी घरच्या मैदानावरची यंदाची शेवटची मॅच, ब्रॅन्सडाईकशी, आणि ते यादीत तळाला आहेत. गुरुवारी ऑड्रीचं विमान.

आता मात्र होणार. मी फार खूश आहे.

२६ ऑगस्ट, सोमवार.

जॉर्डी उड्या मारत आला. म्हणाला, आन्टी, मुलांनी ठरवलंय, मॅच संपली की सगळी टीम पोस्टांखाली रांगेत उभी राहणार, आंघोळ न करता. मी म्हणलं, मग क्लेमला वर जायची घाई होईल. तो हसला नाही. म्हणाला, माझ्या पहिल्या ट्रायला क्लेम अंकल शिडीवरून पडता पडता वाचले होते, एवढे नाचले. ही मॅच त्यांच्यासाठी.

चांगला मुलगा आहे. सत्तावीस वर्षांचा आहे, पण कान अजून लाल होतात.

पोटात गोळा. वाटाणे खाल्लेले नाहीत.

३० ऑगस्ट, शुक्रवार.

चिकटपट्टी काढायला बसले. नखं तुटली. सुरीने काढली. निळा मग धुतला, पुसला, परत कपाटात ठेवला. परत काढला.

ऑड्रीने नवा कोट घेतलाय. जांभळा. कॅनडात उपयोगी पडेल म्हणते. मला माहितेय कशासाठी घेतलाय.

१ सप्टेंबर, रविवार. सकाळी.

आज मी शांत आहे. देवाच्या दयेने हवा कोरडी आहे. डबा, मग, वाळूची पुडी, ऑड्रीसाठी बसायची घडीची खुर्ची. आज जिंकणारच. पायऱ्यांवर अगदी गप्प उभी राहणार, जॉर्डीला शब्द दिलाय.

तोच दिवस. रात्री.

हरलो.

लिहून काढते, नाहीतर झोप नाही.

एवढी माणसं दोन वर्षांत बघितली नव्हती. सेथने सकाळीच पोस्टांखाली चौकोन कापून ठेवला होता, पावाच्या तुकड्यासारखा सरळ. आम्ही बरोबर त्याच्या मागे, खालच्या पायऱ्यांवर. ऑड्री खुर्चीवर, डबा तिच्या मांडीवर. कोट सुंदर दिसत होता.

शेवटची दोन मिनिटं. १८–१६, आपण पुढे. सेथने आज आकडे वेळेवर लावले होते, क्लेमचा तो वाकडा आठ वर लटकत होता. लोक घड्याळ बघत होते. ऑड्रीने माझा हात धरला आणि दाबला. म्हणाली, आला गं बाई, आला घरी.

तेवढ्यात त्यांनी उंच बॉल मारला. आमच्याच कोपऱ्यात. खाली एकटा जॉर्डी. असा बॉल तो झोपेत धरतो. सगळी पायरी श्वास धरून. आणि मागून कुणीतरी ओरडलं, जॉर्डी, पत्र आलंय.

त्याने मान वळवली. एवढीशीच. बॉल छातीवर आपटून निसटला आणि त्यांच्या माणसाने तो आमच्या रेषेपलीकडे टेकवला. ट्राय, चार पॉइंट. १८–२०. भोंगा वाजला.

जॉर्डी तिथेच गुडघ्यांवर बसला होता. सेथ आला, त्याने गवताचा चौकोन उचलून खड्ड्यावर ठेवला आणि बुटाने हळूहळू दाबला, चारी बाजूंनी. ऑड्रीने डब्याच्या झाकणावर ओठ टेकले आणि डबा माझ्या पिशवीत ठेवला. मला म्हणाली, तू मनाला लावून घेऊ नकोस गं. तू तुझ्याकडून सगळं केलंस.

पायऱ्यांवरचे लोक एकमेकांकडे बघत होते, कोण ओरडलं म्हणून. ज्याला त्याला वाटतंय दुसरा. ते कुत्र्याचे मालक तर चक्क म्हणाले, मीच असेन बहुतेक, सवयीने निघतं तोंडातून.

निळा मग वापरलाच नाही. धुवून ठेवला.

३ सप्टेंबर, मंगळवार.

पत्रं दाराच्या फटीतून पडली. दार वाजलं नाही. मी खिडकीतून बघितलं, मान खाली घालून चालला होता. काच इतकी घाण आहे की नीट दिसलं नाही.

काहीतरी चेष्टा करायला दार उघडलं. एकही सुचली नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार.

ऑड्री गेली. टॅक्सी सकाळी सहाला. तिने जिंकलेल्या दिवसांच्या गोलांचं कॅलेंडर माझ्या हातात दिलं. म्हणाली, तीन झाले की मला फोन कर, वेळ बघू नकोस, तिकडे मध्यरात्र असली तरी कर. फोन कानाला लावून मला तिथलं सगळं ऐकव, सेथचं फावडंसुद्धा.

मी हो म्हणलं.

जांभळा कोट घातला होता. टॅक्सीच्या मागच्या काचेतून कोपऱ्यापर्यंत दिसत राहिला.

संध्याकाळी सवयीने दोघींचे मासे आणले. दोन्ही कव्हरं ताटात तशीच राहिली.

८ सप्टेंबर, रविवार.

हंगामातली शेवटची मॅच, बाहेरच्या मैदानात. गेले नाही. खरंच गेले नाही. जिंकले म्हणे, ५४–०.

जॉर्डी खेळला नाही. संध्याकाळी स्वतःच घरी आला. बसला. चहा घेतला नाही. म्हणाला, आन्टी, मी सोडतोय. पत्रं टाकेन फक्त. डोळे मिटले की ऑड्री आन्टींचा तो कोट दिसतो. तुमच्या दोघींचं मी वाटोळं केलं. मला माफ करा.

आणि मी, जी बाई पाद्र्यालाही सोडत नाही, मी त्याच्यासमोर बसून म्हणलं, असू दे रे. केक देऊ का?

तो रडत होता आणि मी केक कापत होते.

९ सप्टेंबर, सोमवार.

ही वही कुणी वाचत नाही. तेव्हा इथे तरी.

ओरडले ती मी. दुसरं कुणी नाही. ऑड्रीच्या खुर्चीमागे उभी होते, सगळ्यांचे डोळे बॉलवर होते, कुणी बघितलं नाही. ऑड्री म्हणाली ना, आला घरी, तेव्हाच तोंडातून निघालं. सवयीने नव्हे. जॉर्डी मान वळवणार हे मला माहीत होतं. बॉल हवेत होता आणि मी मोजून ओरडले.

आणि तीन क्लेमने कधी म्हटलंच नाही. जिंको नाहीतर हरो, म्हणाला होता, पुढच्या रविवारी टाकून ये नेल, ऑड्रीला सोबत घे, आणि घरी येऊन खिडक्या पूस. तीन मी घातले. ही टीम सलग तीन जिंकणार नाही, हे मला चाळीस वर्षं माहीत होतं.